उपसायचे दोन डबे

४ एप्रिल

अण्णांना सूनबाईचा नमस्कार.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुमच्या गुडघ्याची चौकशी केली ती अख्ख्या बेकरीने ऐकली, तुम्ही सोडून. म्हणून हे पत्र.

बातमी चांगली नाही, आधीच सांगते. आपली होडी काठावर चढवून ठेवली आहे. जलवाहतूक कचेरीचे तपासनीस दरवर्षी येतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. दुपारी जेवून सुस्तावलेले असतात, होडीभोवती एक फेरी मारतात आणि सही करून जातात. यंदा ते आदल्या रात्री गावातच मुक्कामाला होते आणि उजाडताच धक्क्यावर हजर. तुमचे चिरंजीव अजून तोंड धूत होते. तपासनिसांनी मधली फळी उचलली तर खाली घोट्याएवढं पाणी! मी तर थक्कच झाले. रोज सकाळी मी यांचा चहा घेऊन धक्क्यावर जाते, तळ नेहमी कोरडा ठणठणीत असतो. नेमकं त्याच दिवशी कुठून आलं पाणी?

शाळा उघडायच्या आत होडी पाण्यात ठेवून तळ कोरडा दाखवायचा, नाहीतर परवाना गेला. पलीकडच्या काठावरची पोरं, नर्सबाई, सगळे सध्या तळ्याला वळसा घालून येतात-जातात. हे वीटभट्टीचा ट्रक चालवायला लागलेत, घरी येतात ते फक्त रविवारी. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे हॉटेलचा मॅनेजर येऊन गेला. त्याला होडी विकत हवी आहे. कशाला? हॉटेलच्या दारात ठेवून, माती भरून, तिच्यात फुलझाडं लावायला. हे म्हणतात, देऊन टाकू. म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

अण्णा, तुमच्या होडीत झेंडू लावलेला मला बघवणार नाही. होडीचा सुतार आता फक्त प्लास्टिकच्या होड्या करतो, जुन्या लाकडाला हात लावत नाही. तेव्हा मी ठरवलंय, होडी मीच दुरुस्त करणार. बेकरीतून दुपारी मोकळी होते, पुढचा वेळ माझाच आहे. दुकानातून फवाऱ्याच्या फोमचा एक डबा आणून ठेवलाय. दुकानदार म्हणाला, कसलीही फट बुजते.

मला एकच सांगा. तुमच्या वेळी ती कुठून गळायची?

तुमची,
सूनबाई

---

१५ एप्रिल

सूनबाईस आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी प्रश्नाचं उत्तर. माझ्या वेळी होडी गळत नव्हती. एक थेंब नाही. धक्क्यावर कुणालाही विचार. तुझी सासू असती तर तिने छातीठोक सांगितलं असतं.

आता फोम. फोम म्हणजे फेसच ना? पोरी, फेसाने कपडे धुतात, होड्या बुजवत नाहीत. तू केकवर गुलाब काढतेस ते मी खाल्लेत, उत्तम असतात, पण ते कुणी पाण्यात सोडत नाही. राग मानू नकोस. म्हातारा माणूस सातव्या मजल्यावरून बोलतोय म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतोय, हे मलाही कळतं. तरी चार गोष्टी ऐकून घे.

आतून काहीही भरू नकोस. पाणी जिथे दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. ते एका ठिकाणी शिरतं, फासळीच्या आडोशाने चालत जातं आणि भलतीकडे जाऊन बसतं. होडी काठावर आहे ना? मग उलटं कर. तिच्या पोटात नळीने वीतभर पाणी सोड आणि बाहेरून वाकून बघ, कुठे पाझरतं. मागच्या बाकाखाली, डाव्या अंगाला, तळाची फळी आणि कुशीची फळी जिथे मिळतात तिथे आधी बघ. बाकीच्या फळ्यांवर ओली पोती टाकून ठेव. उन्हात लाकूड सुकलं तर एक फट बुजवशील आणि चार नव्या उघडतील.

हॉटेलवाल्याला म्हणावं, कुंड्या बाजारात मिळतात.

माझी काळजी नको. इथे लेकीकडे झकास आहे. लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे. ताई मला काडी उचलू देत नाही. जावईबापू तर देवमाणूस. खिडकीतून समोरची इमारत दिसते. तिलाही बऱ्याच खिडक्या आहेत.

अण्णा

---

२६ एप्रिल

अण्णांना नमस्कार.

रागावणार नसाल तर सांगते, तुमचं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं. ते आलं तोवर मी आतून फोम भरून मोकळी झाले होते.

झालं असं. पाणी साठत होतं ती जागा मला माहीत होती, होडीच्या मध्यावर. तिथल्या फटीत फवारा मारला. संध्याकाळी बोटभर होता. सकाळी जाऊन बघते तर फुगून फुगून बाकाला टेकलेला! बेकरीत एकदा माझ्या हातून खमीर जास्त पडलं होतं, तेव्हा पीठ असंच भांडं सोडून टेबलावर आलं होतं. वरचा भाग सुरीने कापला, छान सपाट केला, शेजाऱ्यांना हाताशी धरून होडी पाण्यात लोटली. तळ कोरडा! मी धक्क्यावरून अशी मिरवले की विचारू नका. दोन-तीन दिवसांनी होडीचं मागचं अंग खाली बसलेलं दिसलं. फोम उकरला, तर खाली पाणीच पाणी. वरून कोरडं आणि आत तुडुंब. सगळा फोम पावाच्या सुरीने खरवडून काढला. ती सुरी आता बेकरीत न्यायची सोय राहिली नाही.

मग तुमचं पत्र आलं आणि तुम्ही सांगितलं तसंच केलं. होडी परत वर ओढली, पोटात पाणी सोडलं आणि बाहेर चिखलात आडवी होऊन बघत राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग एक ओला ठिपका दिसला, त्याचा थेंब झाला, थेंबामागून थेंब. मागच्या बाकाखाली, डाव्या अंगाला, तळाची फळी आणि कुशीची फळी मिळतात तिथे. तुम्ही लिहिलंय तिथेच, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

अण्णा, होडी गळत नव्हती म्हणता आणि गळायची जागा बोट ठेवून सांगता. हे कसं काय?

पुढचं ऐका. त्याच बाकाखाली, अगदी आत कोपऱ्यात, दोन डबे सापडले. एक रंगाचा, पत्र्याचा, तसा नवा. दुसरा पितळी, खूप जुना. रविवारी हे आले तेव्हा दोन्ही समोर ठेवले.

"हे काय आहे?"

"डबे आहेत."

"ते दिसतंय मला. कशाला आहेत?"

यांनी आधी वाकून ट्रकच्या चाकातला चिखल काढायला घेतला. मग म्हणाले, "रात्रीतून थोडं पाणी यायचं गं. तू चहा घेऊन यायच्या आत उपसून टाकायचो."

"रोज?"

"रोज. तुला उगाच घोर कशाला लावायचा?"

म्हणजे बघा. तपासनीस वेळेवर आले असते तर तळ कोरडाच मिळाला असता! लग्न झाल्यापासून मी कोरडी होडी बघत आले ती या माणसाच्या मनगटामुळे. मला संताप आला आणि लगेच त्यांचे हात हातात घ्यावेसे वाटले. दोन्ही केलं. आधी संताप.

"आणि हा पितळी?" मी विचारलं.

"तो माझा नाही. मी होडी हातात घेतली तेव्हापासून तिथेच आहे."

तो पितळी डबा मी नीट पाहिला. त्याची कड एका बाजूने तिरपी झिजलीय, कागदासारखी पातळ. वर्षानुवर्षं कुणीतरी लाकडावर घासून पाणी उपसल्याशिवाय पितळ असं झिजत नाही. आणि झीज अशा बाजूला आहे की उपसणारा डावखुरा असला पाहिजे. आपल्या घरात डावखुरं कोण, हे मी तुम्हाला काय सांगू?

तुमची,
सूनबाई

---

१७ मे

सूनबाईस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी कामात होतो. हो, मीसुद्धा कामात असू शकतो.

तो पितळी डबा मासे धुवायचा असेल.

आता कामाचं. तू फोम भरलास, तो फसला, आणि तू तो खरवडून काढलास. हे मी ताईला दोनदा वाचून दाखवलं. चूक सगळेच करतात. पण आपण भरलेलं आपल्याच हाताने उकरायचं, पुन्हा चिखलात आडवं पडून थेंबाची वाट बघायची, याला छाती लागते. तुझ्या जागी मी असतो तर होडीला लाथ घालून घरी गेलो असतो आणि घरच्यांवर डाफरलो असतो. बाब्याला हे सांगू नकोस, बापाचं डाफरणं त्याला लहानपणापासून माहीत आहे.

तुझं पत्र आल्यावर मी एकटाच बाहेर पडलो आणि रंग-हत्यारांचं मोठं दुकान शोधलं. म्हटलं, आपण ज्याला हसलो ते आहे तरी काय ते बघावं. दुकानदार मोठा बोलका निघाला. म्हणाला, "आजोबा, फोम दोन जातीचा असतो. एक पाणी पितो, एक पीत नाही. तुमच्या सूनबाईंनी पिणारा भरला." मग त्याने फोमची दोरी दाखवली. करंगळीएवढी जाड, मऊ, राखाडी. मी एक वेटोळं घेतलं आणि घरी त्यातला एक तुकडा रात्रभर पेल्यात बुडवून ठेवला, वर वाटी दाबून. सकाळी मधोमध कापला. आत कोरडा! ताईला वाटलं, बाबांचं काहीतरी बिनसलं.

करायचं ते असं. फट आधी पूर्ण साफ कर. जुनी पुट्टी, कापूस, सगळं काढ. तेवढाच भाग चांगला वाळू दे. मग दोरी फटीत दाबून बसव. टोकदार काही वापरू नकोस, दोरीला भोक पडता कामा नये. तिच्यावर सीलंट, म्हणजे वाळल्यावरही रबरासारखं लवचीक राहणारं लुकण. आता गंमत ऐक. सीलंट दोन्ही बाजूंच्या फळ्यांना घट्ट धरतं, पण खाली दोरीला धरत नाही. म्हणून लाकूड फुगलं तर ते दबतं, सुकलं तर ताणतं, पण सुटत नाही. तळालाही चिकटलं तर त्याला हलायला जागाच राहत नाही आणि ते फाटतं. हे ऐकलं आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसलोच. इतकी वर्षं मी फट गच्च, दगडासारखी भरत होतो आणि दर हंगामाला ती पुन्हा उघडत होती!

इतरांच्या होड्यांची म्हणतोय मी. आपली नाही.

दोरीचं वेटोळं, सीलंटच्या नळ्या आणि त्या दाबायची बंदूक पार्सलने पाठवली आहे. सीलंट बंदुकीने भरायचं असतं. हात एकसारखा चालला पाहिजे, थांबला की गाठ आणि घाई केली की पोकळी. दुकानदाराने मला करून बघायला दिलं. माझी रेघ गांडुळासारखी आली. तेव्हा मला तुझे गुलाब आठवले. ते कुणी पाण्यात सोडत नाही म्हणालो होतो, ते मागे घेतो.

इथे सगळं झकास.

अण्णा

---

२९ मे

अण्णांना नमस्कार.

झालं! आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं.

फट साफ करायला चार दिवस गेले. काय काय निघालं त्यातून! पुट्टीचे थर, त्याखाली डांबर, त्याखाली कापसाच्या वाती, त्याखाली पुन्हा पुट्टी. इतक्या प्रेमाने "इतरांची" होडी कोण बुजवत होतं, कोण जाणे. प्रत्येक थर इतका नीट दाबलेला होता की उकरताना मला वाईट वाटत होतं. हत्याराची खूणसुद्धा सरळ आणि डाव्या हाताची. अण्णा, झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी, पण आता ती माझ्या हातात आहे.

मग फट वाळवली. फट कोरडी आणि बाकी सगळी होडी ओल्या पोत्यांत गुंडाळलेली. येणारेजाणारे विचारायचे, ताप आलाय का हिला? दोरी बसवायला मी केकची कड सारखी करायचा लाकडी चपटा घेतला. ती दोरी आत जाताना मऊ आवाज करते आणि पुन्हा वर येत नाही. दोन्ही कडांना कागदी पट्ट्या लावल्या, म्हणजे लाकूड घाण होणार नाही.

आणि मग बंदूक. अण्णा, मी काय सांगू! हातात घेतली आणि माझं मलाच हसू आलं. हे तर मी रोज करते! मलईच्या पिशवीला जसा दाब द्यायचा तसाच, मनगट सैल, श्वास धरलेला, आणि नजर टोकावर नाही तर टोकाच्या थोडी पुढे. काठावर चार टाळकी जमली होती, त्यात तो हॉटेलचा मॅनेजरही. मी मागच्या टोकापासून सुरुवात केली आणि फट संपेपर्यंत एकदाही थांबले नाही. साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवून वरून एक हात फिरवला, किंचित खोलगट केलं, पट्ट्या उचलल्या. एक सरळ, काळी, चकचकीत रेघ. हे रविवारी आले, वाकून बघत बसले, हवेतच त्या रेघेवरून बोट फिरवलं. नंतर ट्रकजवळ उभे राहून डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं, मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं नाही.

आता ती आठवडाभर तशीच मुरायला ठेवलीय. मग पाण्यात.

आता दुसरं. काल ताईंचा फोन आला होता. बराच वेळ बोलत होत्या. तुम्ही दुकानात गेलात त्या दिवशी घरी परतायला संध्याकाळ झाली. सगळीकडे शोधाशोध झाली. शेवटी बागेतल्या कारंज्यापाशी सापडलात, मांडीवर दोरीचं वेटोळं घेऊन पाण्याकडे बघत बसलेले. रस्ता चुकला म्हणालात. पण तेव्हापासून रोज तिथेच जाता, आणि आता रस्ता चुकत नाही. ताई रडत होत्या. म्हणाल्या, "बाबांना काही कमी पडू देत नाही गं मी. विचारलं की झकास म्हणतात. त्यापुढे काही बोलतच नाहीत."

अण्णा, तुम्ही माझे सासरे आहात, पण आज मी जरा स्पष्ट बोलणार आहे. मी फोम भरला होता ना, वरून कोरडा? तुमचं झकास मला तसं वाटायला लागलंय. या घरातले पुरुष होडी तर उपसतातच, पत्रंसुद्धा उपसून पाठवतात. आम्ही कोरडं बघून खूश होतो आणि मग एक दिवस तपासनीस लवकर येतो. तसं आता नको. मला खरं सांगा. जे असेल ते.

तुमची,
सूनबाई

---

५ जून

सूनबाई,

हो, गळतंय.

ताईचा काही दोष नाही, जावयांचा तर नाहीच. ते फार चांगले आहेत, म्हणून तर बोलता येत नाही. इथे मला कुणी काही करू देत नाही. सकाळी उठतो आणि हात मोकळे असतात. या वयाला हात मोकळे असावेत म्हणतात. मला ते जमत नाही. कारंज्याचं पाणी निदान हलतं तरी.

डबा माझाच आहे. मासे कधी धुतले नाहीत त्यात.

तुझी सासू पाण्याला फार भ्यायची. माहेर पलीकडच्या काठावर, होडीशिवाय वाट नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बसली तेव्हा तळाला बोटभर पाणी होतं. ते बघून तिने माझा दंड धरला तो पलीकडचा काठ येईपर्यंत सोडला नाही. बोटांचे वळ उठले होते. दुसऱ्या दिवसापासून मी उजाडताच जाऊन उपसायला लागलो. ती यायची तेव्हा तळ कोरडा. हळूहळू तिची भीती गेली. मग ती टोकाला बसून पाण्यात हात सोडायची, गाणी म्हणायची. तिला वाटायचं, आपली होडी तळ्यात सगळ्यात भक्कम. कुणाशीही पैज लावायची. आता त्या बाईला मी काय सांगणार होतो? मग बाब्या होडीवर यायला लागला. त्यालाही वाटत होतं, बापाची होडी गळत नाही. ते मला बरं वाटायचं.

तो आपणहून दुसरा डबा आणेल आणि माझ्यासारखाच गप्प बसेल, हे कधी मनात आलं नाही. तू दोन डबे शेजारी सापडले म्हणून लिहिलंस, तेव्हा मी पत्र खाली ठेवून हसलो. ताई म्हणाली, बाबा इथे आल्यापासून पहिल्यांदा हसले.

होडी पाण्यात गेली की लिही.

अण्णा

---

१४ जून

अण्णांना नमस्कार.

तपासनीस येऊन गेले.

पण आधी सकाळचं सांगते. होडी पाण्यात टाकून आठवडा झाला होता आणि रोज मी बघत होते, तळ कोरडा. तरी त्या दिवशी पहाटेच जाग आली. म्हटलं, न जाणो, रात्रीतून आलं असेल पाणी, आजच्या दिवस उपसून टाकू. हे रजा टाकून आदल्या रात्रीच घरी आलेले, त्यांना कशाला उठवायचं? तुमचा पितळी डबा पदराखाली घेतला आणि पाय न वाजवता धक्क्यावर गेले. हो, मीसुद्धा! तुमच्या घरचं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार?

होडीत आधीच कुणीतरी बसलं होतं. हे. मागच्या बाकावर, मांडीवर रंगाचा डबा, आत एक थेंब नाही. म्हणाले, "उपसायला काही नाहीच गं." असं म्हणाले जसं काही कुणी काम काढून घेतलंय. मग माझ्या हातातला डबा त्यांना दिसला. आम्ही दोघं इतके हसलो की होडी डुलायला लागली. तपासनीस आले तेव्हा आम्ही तसेच, दोघांच्या हातात एकेक कोरडा डबा.

त्यांनी फळी उचलली. वाकले. मग हात आत घालून तळावर फिरवला आणि बोटं वर करून बघितली. बोटांना धूळ लागली होती, अण्णा. धूळ! मग त्यांनी ती काळी रेघ पाहिली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तपासनिसांनी मला विचारलं की मी आणखी कुठे होड्यांचं काम केलंय. मी म्हटलं, केकवर करते. ते पुन्हा एकदा वाकून ती रेघ बघून आले आणि सही करून गेले.

सोमवारी पोरांची पहिली खेप झाली. नर्सबाई चप्पल काढून हातात घेऊन बसल्या, जुन्या सवयीने. नंतर हळूच खाली ठेवली. हॉटेलवाल्याला तुमचा निरोप दिला. त्याने खरोखर कुंड्या आणल्या.

आता शेवटचं. हे मी विचारत नाहीये, सांगतेय. बाहेरच्या खोलीतलं कपाट हलवलं आहे आणि तुमची खाट तळ्याकडच्या खिडकीला लावली आहे. लिफ्ट नाही, कारण जिनाच नाही. गरम पाणी चुलीवर तापवावं लागेल. हातांना काम भरपूर आहे: डाव्या अंगाचं एक वल्हं सैल झालंय, उजव्या अंगाच्या फटी पुढच्या वर्षी मलाच भराव्या लागणार, आणि दोरी कशी बसवायची हे सांगायला कुणीतरी डोक्यावर उभं असल्याशिवाय मला काम सुचत नाही. ताईंशी बोलले. त्या आधी रडल्या, मग म्हणाल्या, "ने बाई. त्यांना पाण्याजवळ ने." यांनी तुम्हाला लिहायला तीनदा कागद घेतला आणि तिन्ही वेळा माझ्याकडे दिला. म्हणाले, तूच लिही, अण्णा तुझं ऐकतात.

खरंच ऐकता का?

तुमची,
सूनबाई

---

१९ जून

पोरी,

कानामागून आलीस आणि तिखट झालीस. सासऱ्याला आज्ञा करतेस आणि वर विचारतेस, ऐकता का. ऐकतो. न ऐकून सांगतो कुणाला?

तुझं पत्र ताईने मोठ्याने वाचलं, जावयांनी पुन्हा वाचलं, मग मी एकटा वाचत बसलो. तपासनिसाच्या बोटांना धूळ लागली तिथे मी प्रत्येक वेळी थांबतो. मी आयुष्यभर ज्या फटीशी झुंजलो ती तू केकच्या हाताने एका दमात मिटवलीस. आणि तेवढ्यावर थांबली नाहीस, सातव्या मजल्यावर बसलेल्या माणसाची फटसुद्धा चिखलात आडवं न पडता शोधून काढलीस. मी धक्क्यावर खूप कारागीर बघितले. तुझ्या हाताचा एक नाही बघितला. हे तोंडावर बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

ताई आणि जावई मला सोडायला येत आहेत. शनिवारी संध्याकाळी पोचतो. त्या दोघांना पलीकडच्या काठावर फिरवून आण, ताई लहानपणी टोकाला बसायची तिच्या आईशेजारी.

पण रविवारी सकाळी एक कर. तुम्ही दोघांपैकी कुणीही माझ्या आधी धक्क्यावर जायचं नाही. डबा घेऊनही नाही, चहा घेऊनही नाही. तुझ्या सासूने जन्मभर त्या होडीचा तळ कोरडा बघितला. बाब्याने बघितला, तू बघितलास, गावाने बघितला. मी एकट्याने कधीच नाही. मी जायचो तेव्हा त्यात पाणीच असायचं.

एकदा मला जाऊन नुसतं बघू दे.

अण्णा